पगार बरा आहे, तरी शाळेकडे फी-सवलत मागावी का? तुमचे अनुभव सांगा

अमेरिकेत खासगी शाळेत मूल घातलेल्या, किंवा घालायचं का या विचारात असलेल्या घरांसाठी हा धागा काढते आहे. आम्ही कॅलिफोर्नियात, बे एरियात (सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात) राहतो. दोघांचे पगार मिळून तीन लाख डॉलरच्या आसपास जातात. पण घराचा हप्ता, प्रॉपर्टी टॅक्स, धाकट्याचं डेकेअर आणि गावाकडे सासूबाईंच्या देखभालीचा खर्च वजा केला, तर वर्षाला पंचावन्न हजार डॉलर फी भरताना निवृत्तीची बचत पूर्ण थांबवावी लागेल. मोठीला डिस्लेक्सिया आहे, म्हणजे वाचन-लेखन शिकताना अडचण येते. सहावीपासून तिला मानवेल अशी वाटणारी एकच शाळा सापडली, ती खासगी आहे.

शाळेच्या माहितीसत्रात त्यांनी आपणहून सांगितलं, ‘उत्पन्न जास्त आहे म्हणून अर्जच करायचा नाही असं घरी बसून ठरवू नका.’ नवऱ्याला हे पटत नाही. त्याच्या मते आपण अर्ज करणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटातला घास उचलणं. मला वाटतं, खरी माहिती देऊन विचारण्यात काही गैर नाही, द्यायचं की नाही ते शाळा ठरवेल. तरी ज्यांनी अर्ज केला, ज्यांनी मुद्दाम केला नाही, ज्यांना नकार आला, त्या सगळ्यांचं ऐकायचं आहे. पब्लिक स्कूल (म्हणजे इथली सरकारी, बिनफीची शाळा) बरी की खासगी, हा वाद मात्र इथे नको.

न्यू जर्सी, दोन मुलांची आई

आम्ही केला अर्ज आणि मिळालीही सवलत. उत्पन्न तेव्हा दोन लाख चाळीस हजारांच्या घरात होतं. फॉर्म शाळेचा स्वतःचा नव्हता. बऱ्याच शाळा एसएसएस नावाची सेवा वापरतात, तिचा पेरेंट्स फायनान्शियल स्टेटमेंट भरावा लागतो. काही शाळा फॅक्ट्स किंवा क्लॅरिटी वापरतात. टॅक्स रिटर्न, डब्ल्यू-टू (कंपनीकडून मिळणारं वर्षाच्या पगाराचं आणि कापलेल्या कराचं पत्रक), घराची किंमत आणि त्यावरचं कर्ज, बचत, सगळं जातं त्यात. त्यावरून तुम्ही किती भरू शकाल याचा अंदाज निघतो आणि तो शाळेला कळवला जातो. शेवटचा आकडा शाळाच ठरवते.

आमच्या बाबतीत फरक पडला तो दोन्ही मुलं फी असलेल्या शाळांत असल्यामुळे. घराची भरण्याची ताकद मुलांमध्ये वाटली जाते, त्यामुळे एकाच मुलाला जे मिळालं नसतं ते दोघं असताना मिळालं. धाकटीची सुमारे पाव फी कमी झाली. सासू-सासऱ्यांना पाठवतो ते पैसेही आम्ही लिहिले होते आणि सोबत बँकेचे कागद जोडले होते. ते त्यांनी किती धरले ते सांगितलं नाही, पण न लिहिता राहू नका. भारतात आई-वडिलांची जबाबदारी मुलांवर असते, तिथे पेन्शन नसेल तर दुसरा आधार नसतो, हे इथल्या ऑफिसला आपोआप कळत नाही. दोन ओळींचं पत्र लिहावं लागतं.

लाज वाटली का? पहिल्या वर्षी वाटली. पुढे नाही, कारण दरवर्षी तोच फॉर्म नव्याने भरायचा असतो आणि पगार वाढला की सवलत कमी होते. ते योग्यच आहे.

बॉस्टनजवळ, एका मुलाचे वडील

माझं मत धागाकर्तीच्या यजमानांच्या बाजूने. मी स्वतः नादारीवर शिकलो. वडील गिरणीत होते, फी माफ झाली नसती तर शाळा सुटली असती. त्यामुळे सवलत हा शब्द ऐकला की मला माझ्या वर्गातली पोरं दिसतात, माझा आजचा पगार नाही. आम्ही चांगल्या पब्लिक स्कूलच्या हद्दीत घर घेतलं आणि त्यासाठी जास्त किंमत मोजली. हा पर्याय ज्याच्याकडे आहे त्याने खासगी शाळेकडे सवलत मागू नये, असं मला मनापासून वाटतं. तुमच्या मुलीची गोष्ट वेगळी असू शकते, तिची गरज खरी आहे. पण ‘मिळत असेल तर का सोडा’ म्हणून अर्ज करणारी, दोन गाड्या आणि दरवर्षी युरोपची सहल असलेली घरं मी पाहिली आहेत. त्याचा त्रास होतो.

खासगी शाळेच्या ऑफिसात काम करणारी, मेरीलँड

मी शिक्षिका नाही, हिशेबाच्या बाजूला आहे, म्हणून आतून कसं चालतं ते जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, सवलतीचा पैसा मर्यादित असतो. वर्षाच्या सुरुवातीला रक्कम ठरते आणि ती बहुधा आधी आत असलेल्या मुलांना जाते. उरलेली नव्या प्रवेशांना. त्यामुळे वरच्या भाऊंची काळजी निराधार नाही. एका घराला वीस हजार गेले तर ते दुसऱ्याला जाऊ शकत नाहीत. मात्र ही वाटणी करणारे लोक डोळे मिटून बसलेले नसतात. अडीच लाखांच्या घराला दहा हजार देऊन उरलेली फी घ्यायची, की साठ हजारांच्या घराला जवळजवळ पूर्ण फी माफ करायची, हा निर्णय शाळा विचारपूर्वक घेते. अनेक शाळांना मधला गट टिकवायचा असतो. नाहीतर वर्गात अतिश्रीमंत आणि पूर्ण सवलतीवरची अशी दोनच टोकं उरतात. मुलांच्या दृष्टीनेही ते चांगलं नाही.

दुसरं, अनेक खासगी शाळांत तुम्ही सवलत मागितली आहे हे प्रवेश देताना विचारात घेतलं जातं. मॅसॅच्युसेट्समधली अँडोव्हर आणि २०२१ मध्ये तसं जाहीर केलेली न्यू हॅम्पशायरची एक्झिटर यांसारख्या मोजक्या शाळा पैसे न बघता प्रवेश ठरवतात, पण त्यांच्याकडे देणगीतून उभा राहिलेला प्रचंड निधी आहे. वसतिगृह नसलेल्या साध्या डे-स्कूलला ते सहसा परवडत नाही. म्हणजे अर्ज करण्याची किंमत शून्य नसते. जागा मिळेल पण सवलत नाही, किंवा सवलत लागत असल्यामुळे नाव प्रतीक्षायादीत, असं होऊ शकतं. शाळेला थेट विचारा, तुमच्याकडे काय पद्धत आहे. प्रामाणिक उत्तर मिळतं.

तिसरं, फॉर्ममध्ये काय बघतात. घरातली एक व्यक्ती कमावत नसेल आणि मुलं शाळेत जाण्याच्या वयाची असतील, तर काही शाळा तिचं अंदाजे उत्पन्न धरतात. तान्हं बाळ किंवा आजारी माणूस सांभाळत असेल तर तसं लिहिल्यावर सोडतात. घरावरचं कर्ज वजा जाता जी किंमत उरते, ती धरतात. बे एरियासारख्या ठिकाणी घराची किंमत कागदावर फुगलेली असते आणि लोक तिथेच अडकतात. गाड्या, क्लबची वर्गणी, सुट्ट्या, उन्हाळी शिबिरं, हेही विचारलं जातं. नवी महागडी गाडी, पाठोपाठ सवलतीचा अर्ज, हे आमच्या लक्षात येतं आणि समितीत त्यावर बोलणं होतं.

आणि एक गैरसमज दूर करते. पूर्ण फी भरणारा स्वतःच्या मुलाचा पूर्ण खर्च भरतो असं अनेक शाळांत नसतं. फी आणि प्रत्यक्ष खर्च यांत फरक असतो. तो देणग्या आणि निधीवरचं व्याज यांतून भरून निघतो. म्हणजे थोडीफार मदत त्या वर्गातल्या प्रत्येकालाच होत असते. ज्याला सवलत मिळाली त्याने मान खाली घालण्याचं काही कारण नाही.

सिएटल, एच-वन-बी (नोकरीच्या व्हिसावर), आता ग्रीन कार्डच्या रांगेत

२०२३ च्या नोकरकपातीत माझी नोकरी जानेवारीत गेली. नवी नोकरी शोधायला व्हिसाची साठ दिवसांची मुदत, घरभाडं आणि मुलाची फी एकदम अंगावर आलं. टॅक्स रिटर्न मागच्या वर्षाचं, त्यात उत्पन्न भरघोस दिसत होतं. बायकोने शाळेला पत्र लिहिलं, नोकरीवरून काढल्याचं पत्र जोडलं आणि चालू वर्षाचं उत्पन्न किती असेल याचा अंदाज दिला. शाळेने मधल्या काळासाठी फी कमी केली. नवी नोकरी लागल्यावर आम्ही स्वतः कळवलं आणि पुढच्या वर्षी पूर्ण फी भरली.

तेव्हा ‘जास्त उत्पन्न’ हा शब्दच किती डळमळीत आहे ते कळलं. एका ईमेलने घर या बाजूचं त्या बाजूला होतं. ज्यांचा व्हिसा नोकरीला बांधलेला आहे त्यांनी तर संकट आलं की लगेच शाळेशी बोलावं, हप्ते थकेपर्यंत थांबू नये.

शिकागो, एकटी आई

घटस्फोटितांसाठी एक कडवट माहिती. मूल माझ्याकडे राहतं, तरी वडिलांचा वेगळा फॉर्म शाळेने मागितला. ते चांगले कमावतात आणि फीला एक पैसाही देणार नाहीत असं त्यांनी वकिलामार्फत कळवलं होतं. शाळेचं म्हणणं, आई-वडील दोघांचीही जबाबदारी आहे, एकाने नकार दिला म्हणून ती शाळेवर येत नाही. तात्त्विकदृष्ट्या मान्य, पण माझ्या हातात काय होतं? कागदावर आम्ही दोघं मिळून श्रीमंत, प्रत्यक्षात मी एका पगारावर. शेवटी न्यायालयाचे आदेश आणि मागचा पत्रव्यवहार दाखवल्यावर थोडी सवलत मिळाली. तुमची अशी परिस्थिती असेल तर अर्जाच्या आधीच भेटायची वेळ मागा.

सवलतीवर शिकलेला मुलगा, आता नोकरीला

पालकांच्या गर्दीत एक विद्यार्थी म्हणून लिहितो. माझे आई-बाबा दोघेही नोकरी करणारे, आमची फी अर्धी माफ होती. मला हे आठवीत कळलं. वर्गात कोणाला माहीत नव्हतं, शाळा ते जपते.

अवघड फी नव्हती, बाकीचं होतं. वर्गाची स्की ट्रिप, वाद्य, लॅपटॉप, मित्रांचे वाढदिवस. काही शाळा सवलतीच्या टक्केवारीइतकीच सूट सहली आणि पुस्तकांवरही देतात, माझ्या शाळेने दिली. पण ती विचारावी लागते. काका-काकूंनो, फीचा आकडा ठरला की हे विचाराच. आणि मुलाला मोकळेपणाने सांगा. आई-बाबांनी कुजबुजत बोलायचं ठेवलं असतं तर मला वाटलं असतं की आपण काहीतरी चोरलं आहे. बाबांनी टेबलावर कागद मांडून समजावलं होतं, आपण इतके भरतो, इतके शाळा भरते, ही शाळेची देणगी आहे. नोकरी लागल्यापासून मी दरवर्षी शाळेला जमेल तेवढं पाठवतो.

ऑस्टिन, नकार मिळालेलं घर

आम्हाला सरळ नाही म्हणाले. राग नाही. त्यांच्या हिशेबाने आम्ही पूर्ण फी भरू शकत होतो आणि कागद बघता ते खरंही होतं. मग आम्ही फी दहा हप्त्यांत भरायची योजना घेतली. मुलाच्या नावे ५२९ खातं (शिक्षणासाठीचं करसवलतीचं बचत खातं) होतं, त्यातूनही काढले. कॉलेजखेरीज शाळेच्या फीसाठी वर्षाला १०,००० डॉलरपर्यंत काढायची मुभा २०१८ पासून आहे आणि २०२६ पासून ती मर्यादा २०,००० झाली आहे. धागाकर्ती कॅलिफोर्नियात आहेत, त्यांनी काळजी घ्यावी. शाळेच्या फीसाठी काढलेल्या पैशांतला नफ्याचा भाग तिथलं राज्य करमुक्त धरत नाही, त्यामुळे राज्याच्या करात फटका बसतो.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. मेरीलँडच्या ताईंची पोस्ट नवऱ्याला वाचून दाखवली. बॉस्टनच्या भाऊंचीही, कारण ती मलाही लागली. तुमच्या वर्गातल्या पोरांचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवूनच फॉर्म भरणार आहे.

आमचं ठरलं ते असं. अर्ज करायचा. आम्ही किती भरू शकतो असं त्या फॉर्ममध्ये विचारतात, तिथे ओढूनताणून कमी आकडा न लिहिता गाडी बदलणं आणि यंदाची भारतवारी पुढे ढकलून जे जमेल ते लिहायचं. तो आकडा काढायला काल रात्री बसलो, चाळीस हजारांपर्यंत पोचतो. उरलेल्यासाठी मागायचं. सासूबाईंच्या खर्चाचं आणि मोठीच्या डिस्लेक्सिया-तपासणीचं पत्र जोडते आहे. शाळा नाही म्हणाली तर ऑस्टिनच्या घरासारखे हप्ते, आणि तेही झेपत नसतील तर पब्लिक स्कूलमध्ये तिच्यासाठी खास योजना मागायची, तो तिचा कायदेशीर हक्कच आहे.

एक शंका उरली आहे. माझे आई-बाबा पुण्याहून फीसाठी थोडे पैसे पाठवतो म्हणत आहेत. ते फॉर्ममध्ये दाखवायचे का?

मेरीलँड

दाखवायचे, ताई. फॉर्ममध्ये नातेवाइकांकडून येणाऱ्या मदतीचा प्रश्न असतो. रक्कम दरवर्षी येणार की एकदाच, ते स्पष्ट लिहा, नाहीतर शाळा ती कायमची धरेल आणि पुढच्या वर्षी तुमचा आकडा चुकेल. आई-बाबांच्या स्वतःच्या म्हातारपणाला तो पैसा लागणार असेल तर मात्र घेऊ नका. शाळेकडे मागणं त्याहून बरं.