मदत हवी आहे : उदगीरहून एंगेलबर्ग, सत्तरीतल्या आईला घेऊन बर्फाच्या सुट्टीला कसं जावं?

मंडळी, नमस्कार.

पोळा झाला की तिकिटं काढू, असं दोन वर्षं म्हणतोय. यंदा पोळाही झाला आणि भावानं फोनवर तारखाच सांगून टाकल्या, त्यामुळं आता मागं फिरणं नाही. धाकटा भाऊ स्वित्झर्लंडमध्ये लुझर्नला नोकरीला आहे. तीन वर्षं झाली, त्याला घरी येता आलेलं नाही. आई दर रविवारी व्हिडिओ कॉलवर त्याच्या खिडकीबाहेरचा बर्फ बघते आणि एकच विचारते, "अशा थंडीत जेवतोस का रे नीट?" लेकरांना स्कीइंग शिकायचंय, आईला लेकाच्या घरी चार दिवस राहायचंय. दोन्ही एकाच फेरीत बसवायचं ठरलंय.

जाणार पाच जण : मी, बायको, मुलगा नववीत, मुलगी पाचवीत आणि आई. आईचं वय 70, दोन्ही गुडघे दुखरे, बीपीची गोळी चालू. 22 डिसेंबरला उदगीर सोडायचं, 2 जानेवारीला तिथून परत निघायचं. आधी तीन रात्री भावाकडं लुझर्नला, मग सगळ्यांनी एंगेलबर्गला. तिथं नवशिक्यांसाठी सोपे उतार आहेत आणि लुझर्नहून रेल्वेनं पाऊण तासात पोचता येतं, म्हणून भावानं ते निवडलं.

तारखा हलवता येत नाहीत, हे आधीच सांगतो. हा आठवडा तिकडं सगळ्यात गर्दीचा आणि महाग, हे ठाऊक आहे. पण दिवाळीच्या सुट्टीत हिमनदीचा उंच भाग सोडला तर उतारांवर बर्फच नसतो, मे महिन्यात तो वितळलेला असतो आणि फेब्रुवारीत परीक्षांची गडबड. लेकरांची शाळा सीबीएसईची म्हणून नाताळची सुट्टी तरी मिळते. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. परदेशी जायच्या परवानगीचा तिचा अर्ज मुख्याध्यापकांकडून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं गेलाय. हे पत्र हातात यायच्या आधी व्हिसाचा अर्ज टाकावा का, हेही कुणी सांगा.

मुख्य अडचण घरापासून विमानापर्यंतची. मुंबईहून झुरिकला थेट विमान आहे, नऊएक तासांचं. पण मुंबई आम्हाला साडेपाचशे किलोमीटर. बिदर एक्सप्रेस उदगीरला थांबते, पण रोज नसते. रात्रभर आईला बर्थवर बसवून-निजवून न्यायचं, सकाळी मुंबईत उतरायचं आणि विमान त्या दिवशीच्या मध्यरात्रीनंतरचं. म्हणजे विमानतळाजवळ दिवसभरासाठी खोली घेणं आलं. हैदराबाद बिदरमार्गे दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर, घरच्या गाडीनं पाच तास. पण तिथून झुरिकला जायला मध्ये एकदा विमान बदलावं लागतं, आखातात नाहीतर फ्रँकफुर्टला. आई बदलाला घाबरत नाही, चालायला घाबरते.

माझी धास्ती वेगळी आहे. मागल्या वर्षी माझ्या मेव्हण्याचं दुबईचं विमान हुकलं. खासगी ट्रॅव्हल्सची बस घाटात चार तास अडकली आणि तो काउंटरवर पोचला तेव्हा काउंटर बंद झालं होतं. तिकिटाचे पैसे गेले ते गेलेच. डोळ्यांत पाणी आणून तो विमानतळाच्या बाहेर कठड्यावर बसलेला, तो फोटो अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे. आईला घेऊन तशी वेळ माझ्यावर यायला नको.

कागदांचं म्हणाल तर आमचे तिघांचे पासपोर्ट नवे आहेत, मुलाचा दोन वर्षांचा बाकी आहे, मुलीचा पुढच्या 18 मार्चपर्यंत आहे, म्हणजे त्यांची काळजी नाही. एक गोष्ट खटकते. आईच्या आधारवर नावाला "बाई" जोडलेलं आहे, पासपोर्टवर नाही. व्हिसाला ते आडवं येईल का?

आणि खाण्याचं. आईनं आत्तापासून यादी केलीय : काळं तिखट, येसर, जवसाची चटणी, ज्वारीचं पीठ, घरचं साजूक तूप, परसातला कढीपत्ता आणि भावाला आवडतात म्हणून खव्याचे पेढे. यातलं काय नेता येतं?

जाणकारांनी मनापासून सांगावं. भाऊ सोडला तर आमच्या घरातून आजवर कुणी देशाबाहेर गेलेलं नाही.

मांजराकाठी :

दादा, मी मूळचा देवणीचा, आता हैदराबादला असतो. डोळे झाकून हैदराबाद धरा. बिदर, झहीराबाद, मग हायवेनं संगारेड्डी, आणि पटणचेरूच्या पुढं बाह्य वळणरस्त्याला लागलात की शहरात न शिरता थेट शमशाबादच्या विमानतळावर उतरता. फक्त रात्री निघू नका. डिसेंबरात आपल्याकडं ऊसतोडीचा हंगाम जोरात असतो. उसाच्या ट्रॉल्यांना मागं दिवा नसतो, अंधारात त्या दिसतच नाहीत. सकाळचं जेवण उरकून निघा, संध्याकाळच्या आत पोचा, विमानतळाजवळ खोली घेऊन आईंना पाठ टेकू द्या.

आणि तारखेत घोळ करू नका. युरोपकडं जायची विमानं बहुतेक मध्यरात्र ते पहाट या वेळेत सुटतात. तिकिटावर 23 तारीख, पहाटे साडेतीन असं असेल तर घर 22 ला सोडायचं. माझ्या ओळखीत दोन घरांनी इथंच मार खाल्लाय.

आल्पसकडची सून :

नमस्कार. मी नांदेडची, लग्नानंतर आठ वर्षं झुरिकजवळ राहते. तुमचा धागा वाचून राहवलं नाही, कारण एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटलीय.

मुलीचा पासपोर्ट चालणार नाही. शेंगेन देशांतून (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश, स्वित्झर्लंडही त्यातच) बाहेर पडल्याच्या तारखेपासून पुढं किमान तीन महिने पासपोर्टची मुदत लागते. तुम्ही 2 जानेवारीला निघणार, म्हणजे 2 एप्रिलपर्यंत तरी हवी. 18 मार्च म्हणजे पंधरा दिवस कमी. लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, त्यामुळं हे फार घरांत होतं. आजच नूतनीकरणाचा अर्ज भरा. आई-वडील दोघांच्या सह्यांचं परिशिष्ट डी, म्हणजे पालकांचं संमतीपत्र, लागेल. बाकी सगळं त्यानंतर.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून टाकता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, पण ते पंचेचाळीस दिवसही घेऊ शकतात. नाताळच्या आधी अपॉइंटमेंटा मिळणं मुश्कील होतं, म्हणून ऑक्टोबरच्या पुढं जाऊ देऊ नका. फी मोठ्यांना 90 युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना 45. भावाचं निमंत्रणपत्र, त्याच्या रहिवासी परवान्याची प्रत, एंगेलबर्गचं बुकिंग, बायकोंची रजा मंजुरी आणि परदेश प्रवासाची परवानगी जोडा. ते पत्र आल्यावरच अर्ज द्या. नोकरी पक्की आहे आणि माणसं परत जाणार आहेत, हे दाखवणारा तोच सगळ्यात बोलका कागद आहे. आईंच्या "बाई"चं म्हणाल तर तिकीट, विमा आणि व्हिसाचा अर्ज तिन्हींवर नाव पासपोर्टप्रमाणे अक्षर न अक्षर तेच ठेवा. आधार मध्ये आणूच नका.

विमा किमान 30,000 युरोंचा लागतो, पण नुसता तेवढ्यानं भागत नाही. स्वस्त पॉलिसीत बर्फातले खेळ वगळलेले असतात. स्कीइंग करताना पाय मोडला आणि डोंगरावरून हेलिकॉप्टरनं खाली आणावं लागलं तर तो खर्च तुमच्या खिशातून. स्कीइंगचा उल्लेख पॉलिसीत छापलेला बघा, आणि मुलांना बजावा की आखलेल्या उतारांच्या बाहेर जायचं नाही. तिथली दुखापत बऱ्याच पॉलिसी भरूनच देत नाहीत.

आता खाणं. तूप, पेढे काढून टाका. युरोपबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ इथं आणायला बंदी आहे. कढीपत्ताही नको, ताज्या पाल्याला सोबत रोगमुक्तीचा सरकारी दाखला लागतो. येसर, काळं तिखट, चटण्या, ज्वारीचं पीठ खुशाल आणा, पण मोठ्या बॅगेत, घट्ट बांधून. हातातल्या बॅगेत चटणीची पूड दिसली की तपासणीत अडकवतात. खोबऱ्याच्या अख्ख्या वाट्या मोठ्या बॅगेत चालत नाहीत, तेवढं लक्षात असू द्या. पेढ्यांसाठी जीव तुटत असेल तर इथं दूध उत्तम मिळतं, आईंना भावाच्याच घरी आटवू द्या.

कपड्यांवर पैसे घालू नका. बूट, स्कीच्या पट्ट्या, काठ्या, हेल्मेट, स्कीइंगचा सूटसुद्धा एंगेलबर्गला भाड्यानं मिळतो. घरून फक्त आतले गरम कपडे, पाणी न शिरणारे हातमोजे आणि लोकरीचे लांब मोजे आणा. स्कीच्या बुटात एकच मोजा घालायचा. दोन घातले की पाय आवळतो आणि उलट जास्त गार पडतो. जीन्स नको, भिजली की वाळत नाही. मुलांचे गटाचे वर्ग मात्र आत्ताच नोंदवा, नाताळात जागा उरत नाही.

झुरिक विमानतळाच्या खालूनच लुझर्नची थेट रेल्वे आहे, तासाभराची. एकाच भागात राहणार आहात, तर महागडा सगळीकडे चालणारा पास घेऊ नका. हाफ फेअर कार्ड (तिकीट अर्ध्या दरात देणारं) आणि तुमच्या फेऱ्या मांडून हिशेब करा.

उदगीरचा दादा (धागाकर्ता) :

ताई, तुमचे उपकार कसे फेडू. मुलीचा पासपोर्ट कपाटातून काढून परत बघितला, 18 मार्चच आहे. सायंकाळीच अर्ज भरला, पुढल्या आठवड्यातली तारीख मिळाली. विमानतळावर कळलं असतं तर काय झालं असतं, या विचारानं रात्रभर डोळा लागला नाही. तुपाचं आईला सांगितलं. थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "मग त्याला तिथंच काढून देते."

दिल्लीमार्गे एक स्वस्त तिकीट दिसतंय. घ्यावं का?

मांजराकाठी :

डिसेंबरच्या शेवटी दिल्ली नको. धुक्यानं विमानं तासन् तास खोळंबतात. स्वस्तातली दोन वेगळी तिकिटं तर मुळीच घेऊ नका. एकाच बुकिंगवर दोन्ही विमानं असली आणि पहिलं उशिरा पोचलं, तर पुढची सोय कंपनीला करावी लागते. वेगवेगळी असली तर तुम्ही आणि तुमचं नशीब.

दवाखान्यातली :

मी डॉक्टर आहे, लातूरला. आईंबद्दल थोडं. तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागा, नंतर आठवण करून द्या. पायऱ्या चढता येतात की नाही हे ते विचारतात. "नाही" सांगा, गुडघ्यांशी संकोच करायचा नसतो. मग मधला बदलसुद्धा त्यांचा माणूस खुर्चीवरून करून देईल. कडेची जागा घ्या, दर दोन तासांनी जागेवरून उठवा, पाणी पाजत राहा. बीपीच्या गोळ्या हातातल्या पिशवीत, सोबत औषधाच्या मूळ नावाची इंग्रजी चिठ्ठी. तिथली वेळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागं आहे, गोळी कधी घ्यायची ते निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या.

एंगेलबर्ग साधारण 1,000 मीटरवर आहे, तिथं काही त्रास नाही. ट्रुबझे, म्हणजे वर जाणाऱ्या रोपवेचं मधलं स्थानक, 1,800 च्या आसपास, तेही ठीक. टिटलिस डोंगरावरचं सगळ्यात वरचं स्थानक 3,020 मीटर. तिथं हवा जवळपास तिसऱ्या हिश्श्यानं विरळ होते. बीपी आटोक्यात असेल आणि डॉक्टर हो म्हणाले तरच न्या, हळू चालवा, अर्ध्या तासात खाली आणा. खरी भीती उंचीची नाही, घसरण्याची आहे. पायवाटांवरचा बर्फ काचेसारखा गोठतो. बुटांवर चढवायचे काटेरी रबर मिळतात, ते पहिल्याच दिवशी भावाला आणायला सांगा.

उदगीरचा दादा :

ठरलं. हैदराबादहून, आखातात एक बदल, एकाच बुकिंगवर, मध्ये साडेतीन तास. फ्रँकफुर्ट सोडलं, कारण तिथं उतरताच शेंगेनचं पासपोर्ट तपासणं होतं. आता बोटांचे ठसे आणि फोटोची नवी पद्धत आल्यानं तिथं रांग लागेल, आणि पुढचं विमान समोर ठेवून आईला त्यात उभं करायची माझी हिंमत नाही. झुरिकला रांग लागली तर लागू दे, बाहेर भाऊ उभा असेल. आई लुझर्नलाच राहील, आम्ही वर्गाला गेल्यावर भाऊ तिला एका दिवसासाठी ट्रुबझेपर्यंत घेऊन येईल.

परवानगीचं पत्र अजून गटशिक्षणाधिकारी कार्यालयातच आहे. सोमवारी बायको स्वतः जाऊन बसणार आहे. लातूर, नांदेड भागातल्या जिल्हा परिषदेच्या कुणा शिक्षकांनी हे पत्र अलीकडं काढलं असेल तर किती दिवस लागले, सोबत काय काय जोडलं, तेवढं कळवा.