मदत हवी आहे : आईच्या ओव्हरीच्या गाठीसाठी सीटी की एमआरआय?

नमस्कार मंडळी. आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. आई ६१ वर्षांची, पाळी जाऊन दहा वर्षं झाली. महिनाभर पोट फुगल्यासारखं, दोन घास खाल्ले की बस्स. आम्ही ॲसिडिटी समजून गोळ्या देत बसलो, ही आमची चूक. शेवटी सोनोग्राफी केली, तर डाव्या ओव्हरीत ९ सेंमीची गाठ. आत पाणी आणि थोडा घट्ट भागही आहे. सीए-१२५ (ओव्हरीच्या कॅन्सरच्या संशयात करतात ती रक्ततपासणी) आलंय ८८. ३५ च्या आत हवं म्हणतात.

आता डॉक्टरांनी पोटाचा काँट्रास्ट सीटी (शिरेतून औषध देऊन करतात तो) सांगितलाय. माझी मावसबहीण नर्स आहे, ती म्हणते की गाठ साधी की कॅन्सरची हे ओळखायला एमआरआय जास्त उपयोगी. सीटी मुख्यतः पसरलंय का, पोटात पाणी, गाठी, लिव्हर वगैरे बघायला. मग आधी काय करावं? की दोन्ही लागतातच?

दुसरी धास्ती काँट्रास्टची. त्याचा किडनीवर परिणाम होऊ शकतो म्हणतात, आणि आईला शुगर आहे, त्यासाठी मेटफॉर्मिन चालू आहे, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) १.३. सेंटरवाल्याला फोनवर विचारलं तर "या, बघू" एवढंच. असं कसं चालेल?

नाशिकरोड किंवा गंगापूर रोडकडे स्त्रियांच्या कॅन्सरची ऑपरेशनं करणारे सर्जन कुणाच्या अनुभवातले आहेत का? की थेट परळला टाटात नंबर लावू? सुई टाकून तपासणी नको, गाठ फुटून पसरू शकते, असंही ऐकलंय. कृपया अनुभव असलेल्यांनीच लिहा, घरगुती काढे नकोत. सीटीची तारीख गुरुवारची आहे.