मदत हवी आहे: इनामगावच्या घराचं मॉडेल, छपराचं काय करू?

नमस्कार. मी सहावीला इतिहास शिकवतो. मुलांबरोबर इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन घराचं मॉडेल करतोय. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ दरम्यान उत्खनन केलं, ते हे गाव. आधीची घरं आयताकृती, बुटकी मातीची भिंत आणि वर कूड, म्हणजे काठ्यांची, मातीने लिंपलेली भिंत. इ.स.पू. १००० नंतर बहुतेक गोल झोपड्या.

अडलंय ते पुढे. लाकूड कधीच कुजून गेलं, उरले खांबांचे खळगे. आराखड्यात काही ओळीने आहेत, काही भलतीकडेच. एका घराचे कोणते, हे कसं ठरवतात? छोटं रिंगण म्हणजे झोपडी की धान्य साठवायची कणगी? आणि छपराची उंची? एका मुलीने विचारलं, "सर, हे कळलं कसं?" तिला अंदाज हा पुरावा म्हणून सांगायचा नाहीये.

प्रतिसाद

सर, मी उत्खननांवर काम केलंय, इनामगावला नाही. खांब कुजला की पोकळीत भुसभुशीत माती भरते. चोपलेल्या जमिनीत तिचा वेगळ्या रंगाचा गोल डाग दिसतो. तो आधी अर्धाच खणतात. उभ्या छेदात खोली, खांबाची जाडी, तो सरळ होता की कललेला, हे कळतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खळगा कोणत्या जमिनीपासून सुरू होतो. पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, त्याच जागी पुन्हा पुन्हा घरं होतात, म्हणून पातळ्या वेगळ्या केल्या की तुमचे 'भलतीकडचे' खळगे बरेचदा आधीच्या किंवा नंतरच्या घराचे निघतात. ओळीत मोकळी जागा आणि तिथे जमीन पायांनी घट्ट झालेली असेल, तर तिथे दार.

आत चूल, राख, सारवणाचे थर असले तर राहतं घर. चूल नाही, नुसता मातीचा गोल ओटा असेल तर कणगीची शक्यता जास्त. इनामगावात असे ओटे आणि धान्याची पेवंही मिळाली आहेत.

घर जळलं असेल तर भाजलेल्या गिलाव्यावर काठ्यांचे ठसे राहतात, त्यावरून कूड कळतो. छपराची उंची मात्र मातीत उरत नाही. ती आजच्या शाकारलेल्या झोपड्यांशी ताडून ठरवतात.

म्हणजे छप्पर हा अंदाज, म्हणून ते सुटं करा, उचलता येईल असं.

धागाकर्ता

मनापासून आभार. खालचा भाग मातीचा, छप्पर सुटं, असंच करतो. छप्पर त्या मुलीलाच शाकारायला देणार आहे.