पूर्ण वर्ग पद्धतीविषयी मदत हवी आहे

दहावीतील माझी मुलगी २क्ष² + ५क्ष − ३ = ० हे वर्गसमीकरण पूर्ण वर्ग पद्धतीने सोडवताना अडखळते. दोनने भागल्यावर क्ष चा सहगुणक ५/२ होतो आणि त्याच्या निम्म्याचा वर्ग, म्हणजे २५/१६, दोन्ही बाजूंत मिळवायचा, हे तिला पाठ आहे. परंतु निम्माच का, हे मला तिला पटवून देता येत नाही. (अपूर्णांक दिसताच तिचा धीर सुटतो, ते निराळेच.) प्राचीन भारतीय गणिती श्रीधराचार्य यांच्या रीतीने मूळ समीकरणाला आठने गुणून दोन्ही बाजूंत २५ मिळवले, की (४क्ष + ५)² = ४९ असे सुटसुटीत रूप येऊन १/२ आणि −३ ही मुळे मिळतात. बोर्डाच्या परीक्षेत ही रीत ग्राह्य धरतात का, आणि निम्म्याचे कारण चौरस-आयताच्या आकृतीतून कसे दाखवावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.