गावाजवळचे, परवडणारे समुपदेशन : आपला अनुभव आणि आपला हिशेब

धागा सुरू करणारी, वाशीम जिल्हा

वडील गेल्यानंतर आईची झोप उडाली. सुरुवातीला आम्ही ते दुःख समजून सोडून दिले, मग कोणीतरी ‘बाहेरची बाधा आहे’ म्हणाले म्हणून दोन अमावास्या त्यात गेल्या, आणि त्यानंतर गावातल्या डॉक्टरांनी दिलेल्या झोपेच्या गोळीवर चार महिने निघाले. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात पोहोचेपर्यंत वर्ष उलटले होते. तिथल्या डॉक्टरांनी औषध सुरू केले आणि सोबत समुपदेशनासाठी दर आठवड्याला येण्यास सांगितले.

उपचार मोफत आहेत. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरचेही पैसे द्यावे लागत नाहीत. तरीही मी एका खेपेचा खर्च वहीत मांडला : दोघींचे एसटीचे जाण्यायेण्याचे अर्धे तिकीट मिळून १८० रुपये, रिक्षा ४०, चहा-नाश्ता ६०, आणि दोघींचा बुडालेला रोज ६००. एकूण ८८०. महिन्यातून चार वेळा जायचे तर साडेतीन हजारांच्या वर. सोयाबीनच्या सोंगणीत तर पैसे असूनही जाणे होत नाही. आम्ही तीन आठवडे गेलो आणि चौथ्या आठवड्यापासून जाणे सुटले.

म्हणून हा धागा. आपल्याला किंवा घरातल्या कोणाला समुपदेशन कुठे मिळाले, एका खेपेला सगळे धरून किती खर्च आला, किती वेळा जाता आले आणि मध्येच सुटले असल्यास ते का सुटले, हे कृपया लिहावे. डॉक्टरांची, रुग्णालयांची आणि गावांची नावे टाळावीत. औषधांची नावे व मात्रा लिहू नयेत, कारण एकाची गोळी दुसऱ्याला चालेलच असे नाही. आणि वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या मनात आत्ता जीव देण्याचे विचार येत असतील, तर त्यांनी धागा बाजूला ठेवून १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक लावावा आणि घरातल्या एका तरी माणसाला उठवावे. तो क्रमांक चोवीस तास चालतो व त्याला पैसे पडत नाहीत.

प्राथमिक शिक्षक, किनवट तालुका

ताई, आपला हिशेब वाचून मी माझाही मांडला. आमच्याकडून नांदेड सुमारे दीडशे किलोमीटर आहे. लागोपाठ दोन हंगाम वाया गेल्यानंतर धाकट्या भावाने घराबाहेर पडणे बंद केले, तेव्हा त्याला मी नांदेडच्या खासगी मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले. तपासणी ७०० रुपये, महिन्याची औषधे ११०० रुपये, दोघांचा प्रवास व जेवण वेगळे. भावाला तिसऱ्या खेपेनंतर बरे वाटू लागले, आणि ‘आता कशाला खर्च’ म्हणून त्याने स्वतःच गोळ्या बंद केल्या. पुढचे दोन महिने आधीपेक्षा वाईट गेले. ही चूक त्याची एकट्याची नव्हती. मलाही तेव्हा पैसे वाचल्याचे बरेच वाटले होते.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक आमच्याच तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात महिन्यातून एक दिवस येते, हे मला औषधाच्या दुकानदाराने सांगितले. रुग्णालयाच्या फलकावर लसीकरणाचे वार होते, या पथकाचा वार नव्हता. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये आला, कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्यातील प्रयोगाच्या धर्तीवर १९९६ पासून तो जिल्हा पातळीवर आणला गेला, आणि एवढ्या वर्षांनी मला त्याचा पत्ता दुकानदाराकडून लागावा, याचे एक शिक्षक म्हणून मला वाईट वाटले. आमच्या शाळेच्या फलकावर मी आता तो दिवस लिहून ठेवतो.

तिथे गर्दी असते आणि डॉक्टरांच्या वाट्याला प्रत्येकामागे पाच-सात मिनिटे येतात. तेवढ्यात औषध लिहून होते. बोलणे होत नाही. मात्र पथकात डॉक्टरांखेरीज मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ते आणि परिचारिकाही असतात, हे लक्षात घ्यावे. आम्हाला खरा आधार सामाजिक कार्यकर्त्या मॅडमचा झाला. त्या बाकावर बसून भावाशी अर्धा तास बोलल्या, पुढच्या भेटीआधी त्याने रोज सकाळी बांधापर्यंत चालून यायचे असे ठरवून दिले, आणि मधल्या काळात दोनदा फोन करून विचारले. तालुक्याला जाऊन येण्याचा खर्च दोघांचा मिळून १६० रुपये. अकरा महिन्यांत आम्ही दहा वेळा गेलो आहोत.

आशा स्वयंसेविका, यवतमाळ जिल्हा

मी रुग्ण म्हणून लिहीत नाही, पण दाराशी मी पहिल्यांदा जाते, म्हणून लिहिते. शेतकरी आत्महत्यांच्या १४ जिल्ह्यांसाठी २०१५ मध्ये प्रेरणा प्रकल्प आला, तेव्हा घरोघरी जाऊन नैराश्याची प्रश्नावली भरण्याचे काम आमच्याकडे आले. गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटले का, कशात रस वाटेनासा झाला का, झोप कशी आहे, अशा प्रकारचे नऊ प्रश्न. पहिल्या महिन्यात माझ्या वहीत जवळपास सगळे गाव आनंदी निघाले! गटप्रवर्तक ताईंनी वही पाहिली आणि त्या हसल्या.

कारण साधे होते. सासूसमोर सुनेला ‘उदास वाटते का’ विचारले तर ती काय सांगणार? आणि ‘उदास’ हा शब्द आमच्याकडे कोणी स्वतःसाठी वापरत नाही. बाया म्हणतात, करमत नाही, जीव घाबरा होते, डोक्यात मुंग्या येतात, छातीवर दगड ठेवल्यासारखे होते. पुरुष तेवढेही म्हणत नाहीत. ते म्हणतात, झोप नाही, पोट साफ नाही. म्हणून मी प्रश्नांचा क्रम मनातल्या मनात बदलला. आधी झोप, मग जेवण, मग कापसाचा भाव, मग सावकाराचे की बँकेचे, आणि अगदी शेवटी, दारातून निघताना, ‘कधी जीव नकोसा होते का?’ कितीतरी जणांचे खरे उत्तर मला उंबऱ्यावर मिळाले आहे. हा प्रश्न विचारल्याने कोणाच्या डोक्यात तो विचार घुसतो, अशी भीती मलाही होती, पण प्रशिक्षणात ती काढून टाकली गेली. विचारले की माणूस मोकळा होतो, असाच माझा अनुभव आहे.

एक प्रसंग सांगते. एका घरच्या मोठ्या मुलाने फवारणीचे औषध कपाटातून काढून खाटेखाली ठेवले होते, हे त्याच्या बायकोने मला विहिरीवर सांगितले. मी त्याला उपदेश केला नाही. त्याच्या काकांना बोलावून तो डबा आणि घरातली बाकीची औषधे काकांच्या घरी कुलपात ठेवून घेतली, त्याच संध्याकाळी आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना फोन केला, आणि दुसऱ्या दिवशी त्याला १०८ ने नव्हे तर काकांच्या मोटारसायकलवर जिल्ह्याला पाठवले, कारण रुग्णवाहिका दारात आली असती तर तो चढला नसता. आज तो शेती करतो. मला पाहून थोडा ओशाळतो, आणि मीही ओळख फार दाखवत नाही.

एक अडचण मात्र सांगायला हवी. मी त्याच गावची आहे. माझ्याजवळ बोलले तर ते गावात फिरेल, असे ज्यांना वाटते त्यांचे काहीच चुकत नाही. अशांना मी फोनचा रस्ता सांगते.

राजापूर तालुका, वय २७

ताईंनी फोनचा रस्ता म्हटले, म्हणून माझा अनुभव. पुण्यात चार वर्षे स्पर्धा परीक्षांची तयारी केली, यश आले नाही, आणि गेल्या वर्षी घरी परतलो. घरात कोणी काही बोलत नव्हते, आणि तेच जास्त जड जात होते. आमच्या वाडीत मोबाइलला रेंज नाही. वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, जावे लागते. रात्री जेवणानंतर ‘फिरून येतो’ सांगून मी सड्यावर गेलो आणि १४४१६ लावला.

टेली-मानसची सुरुवात १० ऑक्टोबर २०२२ रोजी झाली. फोन लावला की आधी भाषा निवडावी लागते, मराठी निवडली. पहिल्यांदा प्रशिक्षित समुपदेशक बोलतात आणि गरज वाटल्यास ते पुढे तज्ज्ञांकडे जोडून देतात. मी पहिली पाच मिनिटे फक्त हुंदके दिले असावेत. त्या बाईंनी फोन ठेवला नाही. एकूण चाळीस मिनिटे आम्ही बोललो; खर्च शून्य, फक्त अंधारात नेलेल्या विजेरीचे सेल धरले तर दहा-वीस रुपये.

उणीव अशी की पुढच्या वेळी दुसरे कोणीतरी फोन घेते आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागते. मी यावर उपाय म्हणून एका कागदावर आठ ओळी लिहून ठेवल्या आणि प्रत्येक वेळी त्या वाचून दाखवल्या. पाच फोन झाल्यावर त्यांच्याच सांगण्यावरून रत्नागिरीच्या सरकारी मानसोपचार विभागात गेलो. तिथे जायची हिंमत त्या पाच फोनांमुळे आली, कारण रत्नागिरीला ‘त्या’, म्हणजे मनोरुग्णांच्या, रुग्णालयात जाणे याचा आमच्याकडे एकच अर्थ काढला जातो.

सांगली जिल्हा, गृहिणी

थोडक्यात लिहिते, कारण अजून राग आहे. तालुक्याच्या गावी फलक पाहून एका समुपदेशन केंद्रात गेले. एका बैठकीचे ८०० रुपये, सहा बैठकांचे आगाऊ घेतले. दुसऱ्या बैठकीनंतर मी तिथे सांगितलेली गोष्ट माझ्या नणंदेच्या कानी आली. नंतर चौकशी केली तेव्हा कळले की त्यांच्याकडे फक्त काही आठवड्यांच्या ऑनलाइन वर्गाचे प्रमाणपत्र होते. समुपदेशक हा फलक कोणीही लावू शकतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणवणाऱ्यांची नोंद मात्र भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. तो नोंदणी क्रमांक मागण्यात उद्धटपणा नाही. पैसे परत मिळाले नाहीत.

सत्तरी तालुका, गोवा, आरोग्यसेविका

डिग्री नसलेले सगळेच फसवे नसतात, हे ताईंची क्षमा मागून नोंदवते. गोव्यात संगाथ या संस्थेने १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ नैराश्यग्रस्त लोकांवर एक मोठा अभ्यास केला. तो २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. समुपदेशन करणारे डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञ नव्हते, तर प्रशिक्षण दिलेली साधी स्थानिक माणसे होती, आणि सहा ते आठ भेटींच्या या पद्धतीने रुग्णांना नेहमीच्या उपचारापेक्षा अधिक फरक पडला. फरक प्रमाणपत्राच्या कागदात नसून देखरेखीत आहे : त्या समुपदेशकांच्या बैठका ध्वनिमुद्रित करून तपासल्या जात. आपल्या केंद्रात बोलणाऱ्या व्यक्तीच्या कामावर वरून कोणाची नजर आहे, हे विचारावे.

अमरावती जिल्हा, निवृत्त ग्रामसेवक

आमच्या जिल्ह्यातही ‘विश्राम’ नावाचा असा प्रयोग ३० गावांत झाला होता. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. आकडा चांगला आहे. प्रकल्पाची मुदत असते आणि आजाराला ती नसते, एवढेच माझे म्हणणे.

धडगाव तालुका, एका मुलाचे वडील

माझ्या मुलाला २१व्या वर्षापासून आवाज ऐकू येतात. औषधाने तो बरा राहतो, दोन गुरे सांभाळतो. त्याच्या आईला आमची पावरी बोलीच समजते, म्हणून डॉक्टरांचे मराठी तिला आणि तिचे बोलणे डॉक्टरांना मीच सांगतो. पण तिला माझ्याबद्दलच काही सांगायचे असेल तर ती कोणामार्फत सांगणार, हा प्रश्न एकदा परिचारिकेने मला विचारला. मी गप्प बसलो. पुढच्या वेळेपासून आमच्या पाड्यातली अंगणवाडी सेविका सोबत येते आणि मी बाहेर थांबतो.

पैशांचे म्हणाल तर आमचा मोठा खर्च औषध संपल्याचा होता. ‘साठा नाही, बाहेरून घ्या’ असे तीनदा झाले. मग एका कार्यकर्त्याने मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधले कलम १८ वाचून दाखवले. अत्यावश्यक यादीतील मानसिक आजाराची औषधे सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सरकारी रुग्णालयांत नेहमी मोफत मिळाली पाहिजेत, असे त्यात लिहिले आहे. मी वैद्यकीय अधीक्षकांना साध्या कागदावर अर्ज दिला, पोच घेतली. भांडलो नाही. पुढच्या महिन्यात औषध आले, आणि आता दोन महिन्यांचे एकदम देतात, म्हणजे आमची निम्मी भाड्याची जीप वाचली.

धागा सुरू करणारी, वाशीम जिल्हा

काका, दोन महिन्यांचे औषध एकदम मागता येते, हे मला सुचलेच नव्हते. काल मी जिल्हा रुग्णालयात फोन करून विचारले. आईची प्रकृती स्थिर असल्याने डॉक्टर महिन्याचे औषध देण्यास तयार झाले, आणि मधल्या तीन आठवड्यांचे समुपदेशन फोनवर करता येईल का, हे तिथल्या समुपदेशक मॅडम प्रत्यक्ष भेटीत ठरवणार आहेत. चार खेपांच्या ३,५२० ऐवजी एक खेप, ८८०. सरांनी सांगितल्याप्रमाणे आमच्या तालुक्याला पथक कोणत्या वारी येते, त्याचीही चौकशी लावली आहे; ते जमले तर हिशेब आणखी खाली येईल.

आईला हे सगळे वाचून दाखवले. विहिरीवरचा प्रसंग तिने दोनदा वाचायला लावला. नंतर म्हणाली, फोनवर बोलायचे तर मी घरात नाही बोलणार, गोठ्यात बसून बोलेन. मंगळवारी सकाळी सातच्या गाडीने आम्ही निघतो आहोत.