एकाच डिस्कवर विंडोज आणि लिनक्स: सगळी पार्टिशनं एन्क्रिप्ट करायची का?

कडीकोयंडा

विंडोज आणि लिनक्स एकाच लॅपटॉपवर ठेवणाऱ्यांकडे एक गोष्ट सर्रास दिसते. विंडोजचं पार्टिशन (डिस्कचा वेगळा पाडलेला भाग) बिटलॉकरखाली, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या एन्क्रिप्शनखाली, तेही बहुतेकदा आपोआप चालू झालेल्या, आणि लिनक्सचं पार्टिशन सताड उघडं. विचारलं की उत्तर येतं, "लिनक्सवर माझं महत्त्वाचं काही नाही."

मला हे साफ चुकीचं वाटतं. त्या "काही नाही"मध्ये काय काय असतं बघा: ब्राउझरने साठवलेले पासवर्ड, मेलचं चालू सेशन, वायफायचे पासवर्ड, एसएसएचची (दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करायची) खासगी की. विंडोजच्या पार्टिशनवरची फाइल लिनक्समधून उघडली की तिचं थंबनेल, तात्पुरती प्रत, कधी अख्खी फाइलच उघड्या बाजूला येऊन पडते. स्वॅप (मेमरी कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) एन्क्रिप्ट केलेली नसेल तर मेमरीतले तुकडे डिस्कवर तसेच राहतात. आणि हे वाचायला चोराला तुमचा लॉगिन पासवर्ड लागतच नाही. पेनड्राइव्हवरून दुसरं लिनक्स चालू केलं की झालं.

साधनं मुरलेली आहेत. लक्स, म्हणजे लिनक्सचं डिस्क-एन्क्रिप्शन, २००४ पासून आहे, बिटलॉकर २००७ च्या विस्टापासून. अडचण एवढीच की बऱ्याच इन्स्टॉलरांत एन्क्रिप्शनची सोपी वाट "पूर्ण डिस्क पुसा" या पर्यायाला बांधलेली असते. दुसरी ओएस (ऑपरेटिंग सिस्टिम) ठेवायची तर पार्टिशनं हाताने आखावी लागतात: आधीची ईएसपी (ओएस सुरू करणाऱ्या फाइलींचं पार्टिशन) तशीच ठेवायची, एक छोटं बूट पार्टिशन करायचं, बाकी सगळं एका लक्स पार्टिशनमध्ये घालायचं आणि त्याच्या आत एलव्हीएमने (एका जागेचे हवे तसे भाग पाडणाऱ्या साधनाने) रूट (सिस्टिम), होम (तुमच्या फाइली), स्वॅप पाडायचे. पासफ्रेज एकदाच टाकायचा, तिन्ही उघडतात. लोक या पायरीवर कंटाळतात आणि एन्क्रिप्शन सोडून देतात.

माझं मत: सगळी पार्टिशनं एन्क्रिप्ट करा, नाहीतर मल्टिबूटच्या, म्हणजे एका मशीनवर एकाहून जास्त ओएस ठेवण्याच्या, वाटेला जाऊ नका.

शून्यबिंदू

ठाम असहमत. चोरीची भीती खरी आहे, पण मल्टिबूट मशीनवर डेटा जातो तो बहुतेक मालकाच्याच हातून. एन्क्रिप्शन त्या चुकीला माफी ठेवत नाही.

लक्स-२ चा (लक्सच्या नव्या आवृत्तीचा) हेडर, म्हणजे पार्टिशनच्या सुरुवातीचा भाग, साधारण १६ एमबीचा असतो. पासफ्रेजवरून मुख्य की मिळवायची सगळी माहिती त्यात. दुसरी ओएस बसवताना चुकीच्या पार्टिशनवर फॉरमॅट झाला, किंवा विंडोजने "ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा" म्हटलं आणि कुणी होय दाबलं, की हेडर गेला. पुढचे शेकडो जीबी जागच्या जागी असले तरी ते आता कुणालाच वाचता येत नाहीत, तुम्हालाही नाही. तीच चूक साध्या पार्टिशनवर झाली असती तर रिकव्हरीच्या साधनांनी बराच डेटा परत मिळाला असता.

दुसरं, बिटलॉकर आणि सिक्युअर बूट (सही असलेल्याच सॉफ्टवेअरला मशीन सुरू करू देणारी सोय) यांची गुंतागुंत. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटने जुन्या शिमला, म्हणजे सिक्युअर बूटखाली लिनक्स सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला, बाद करणारी नोंद फर्मवेअरमध्ये (मशीनच्या बायोसमध्ये) लिहिली. ड्युअल बूट मशीनवर ती लागू होणार नाही असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं होतं, तरी अनेकांचं लिनक्स सुरू होईना. अशा वेळी पहिला सल्ला मिळतो, सिक्युअर बूट बंद करा. तो बंद केला की टीपीएम (बिटलॉकरची की सांभाळणारी चिप) की देत नाही आणि विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती कुठे आहे हे किती जणांना माहीत असतं? एका अपडेटने दोन्ही ओएसच्या दारात माणूस उभा राहतो.

ज्याला रोज काम करायचंय त्याने एकच ओएस एन्क्रिप्ट करून वापरावी आणि दुसरी व्हर्च्युअल मशीनमध्ये (पहिलीच्याच आत, एका प्रोग्रॅममध्ये) चालवावी.

कडीकोयंडा

हेडरचा मुद्दा शंभर टक्के खरा. पण त्याचा उपाय एका कमांडचा आहे: क्रिप्टसेटअप या लक्सच्या साधनाचा लक्स-हेडर-बॅकअप. ती फाइल मशीनबाहेर ठेवायची. एक बारीक गोष्ट मात्र लोक विसरतात. पासफ्रेज बदलला तरी जुन्या हेडर-बॅकअपला जुना पासफ्रेज चालतच राहतो, कारण आतली मुख्य की तीच असते. म्हणून पासफ्रेज फुटल्याच्या संशयाने बदलला असेल, तर जुना बॅकअप नष्ट करायला हवा आणि नव्या मुख्य कीने रीएन्क्रिप्टही करायला हवं.

विंडोजचा तो फॉरमॅटचा प्रश्नही टाळता येतो. जीपीटीमध्ये (डिस्कवरच्या पार्टिशनांच्या यादीत) पार्टिशनचा प्रकार लिनक्सचा नोंदवला असेल तर विंडोज त्याला ड्राइव्हचं अक्षर देत नाही, मग विचारायचा प्रश्नच येत नाही.

आणि डेटाचा बॅकअप तर साध्या पार्टिशनलाही लागतोच. एसएसडी एका क्षणात मरते, तिथे रिकव्हरीची साधनं काय करणार?

पाणकणीस

तुम्ही दोघंही लॅपटॉप बंद असताना चोरीला गेला, एवढंच गृहीत धरताय. मल्टिबूटचा खरा कच्चा दुवा वेगळा आहे.

एन्क्रिप्शन दुसऱ्या ओएसला तुमचा डेटा वाचू देत नाही. लिहायला मात्र ते अडवत नाही. विंडोजमध्ये अ‍ॅडमिनचे अधिकार मिळालेलं मालवेअर लक्सच्या पार्टिशनवर कचरा लिहू शकतं. त्याहून वाईट म्हणजे एन्क्रिप्ट न केलेलं बूट पार्टिशन त्याच डिस्कवर असतं. त्यातला इनिटरॅमएफएस, म्हणजे तुम्हाला पासफ्रेज विचारणारा भागच, बदलता येतो. सुरक्षा संशोधक जोआना रुटकोव्स्का यांनी २००९ मध्ये "ईव्हिल मेड" हल्ला दाखवला तेव्हा हल्लेखोराला लॅपटॉपपर्यंत पोचावं लागत होतं. मल्टिबूटमध्ये शेजारची ओएसच ते काम करू शकते.

सिक्युअर बूट इथे वाचवेल असं वाटतं, पण बहुतेक डिस्ट्रोंत (लिनक्सच्या वेगवेगळ्या वाणांत) शिम, ग्रब (ओएस निवडायचा मेन्यू दाखवणारा बूटलोडर) आणि कर्नल (लिनक्सचा गाभा) यांच्यावरच सही असते, इनिटरॅमएफएसवर नसते. कर्नल आणि इनिटरॅमएफएस एकाच सही केलेल्या इमेजमध्ये बांधली, त्यासाठी स्वतःची की वापरली, तर हे भोक बुजतं. ते किती जण करतात?

म्हणून "सगळी पार्टिशनं एन्क्रिप्ट केली की सुरक्षित" हे वाक्य मला धोक्याचं वाटतं. ज्या ओएसवर तुमचा भरवसा नाही, ती त्या मशीनवर थेट बूटच करू नका.

रुजवात

पाणकणीस, तुमचं विश्लेषण बरोबर आहे, निष्कर्ष नाही. बूट पार्टिशन बदलणारं मालवेअर आणि बसमध्ये विसरलेला लॅपटॉप, या दोन्ही शक्यता सारख्या नाहीत. पहिली अडवता येत नाही म्हणून दुसरीही मोकळी सोडायची, हे मला मान्य नाही.

बूट पार्टिशनही एन्क्रिप्ट करा, असा सल्ला आता कुणीतरी देईलच, म्हणून आधीच लिहिते. करू नका. ते उघडायचं काम ग्रबवर पडतं. २०२१ च्या ग्रब २.०६ ने लक्स-२ वाचायला सुरुवात केली, पण लक्स-२ चं नेहमीचं आर्गॉन-२ (पासफ्रेजपासून की काढायची पद्धत) त्याला येत नव्हतं. की-स्लॉट (हेडरमधली पासफ्रेजची नोंद) मुद्दाम जुन्या पीबीकेडीएफ-२ वर न्यावा लागे. त्यात ग्रब कीबोर्ड अमेरिकन धरून चालतो, म्हणजे दुसऱ्या लेआउटवर ठरवलेला पासफ्रेज बरोबर टाकूनही चूक ठरतो. एवढं करून ईएसपी उघडीच राहते, कारण फर्मवेअरला ती वाचावी लागते.

शून्यबिंदू यांनी सांगितलेला ४८ अंकांचा त्रास बऱ्याच अंशी टाळता येतो. विंडोज ग्रबच्या मेन्यूतून सुरू करू नका. मध्ये शिम आला की टीपीएममधली मोजमापं (सुरू होताना काय काय चाललं त्याच्या नोंदी) बदलतात आणि बिटलॉकर अडतो. फर्मवेअरच्या बूट मेन्यूतून थेट विंडोज निवडलं तर साखळी नेहमीसारखी राहते. पार्टिशनं हलवण्यापूर्वी किंवा बायोस अपडेटपूर्वी बिटलॉकर सस्पेंड करायचा, आणि रिकव्हरी की त्याआधीच कागदावर उतरवून घ्यायची.

आणि एक गोष्ट, जिच्याबद्दल इथे कुणी बोललं नाही: हायबरनेट, म्हणजे मेमरी डिस्कवर उतरवून मशीन बंद करणं. विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असेल तर "शटडाउन" म्हणजे अर्धवट हायबरनेट असतं, आणि त्या अवस्थेत लिनक्समधून विंडोजच्या पार्टिशनवर (एनटीएफएसवर) लिहिलं तर फाइलसिस्टिम बिघडू शकते. दोन लिनक्स असतील तर दोघांना एकच स्वॅप देऊन हायबरनेट कधीही करू नका. एकाची गोठवलेली मेमरी दुसरा पुसतो.

शून्यबिंदू

रुजवात, तुमच्याच प्रतिसादात किती अटी झाल्या ते मोजा. यातली एक चुकली तरी माणूस अडकतो. स्वतःच्या मशीनवर हे सगळं करणाऱ्याला माझा विरोध नाही. पण नवख्याने विचारलं तर मी हे सुचवणार नाही. त्याला म्हणेन, दोन ओएस हव्यातच तर दोन वेगळ्या एसएसडी घे, प्रत्येकीवर तिची स्वतःची ईएसपी ठेव, आणि एक बसवताना दुसरी काढून ठेव. मग दोन्ही पूर्ण एन्क्रिप्ट कर, इन्स्टॉलरची सोपी वाटच वापरून.

कडीकोयंडा

दोन एसएसडींची जागा असेल तर मीही तेच करेन. पण असंख्य लॅपटॉपांत एकच स्लॉट असतो, आणि धागा त्यांच्यासाठी आहे.

दोन्हीकडून लागणारा डेटा कुठे ठेवायचा, हे राहिलं. त्यासाठी तिसरं पार्टिशन करून व्हेराक्रिप्ट वापरता येतं, ते दोन्हीकडे चालतं. किंवा ते बिटलॉकरचं ठेवून त्याला पासवर्ड लावायचा, क्रिप्टसेटअप २.३ पासून बिटलॉकरची पार्टिशनं लिनक्समध्ये उघडता येतात.

पाणकणीस

सामायिक पार्टिशन म्हणजे पुन्हा तोच प्रश्न. विंडोजमधलं रॅन्समवेअर ते उघडं असताना लिनक्सच्या फाइलीही घेऊन जाईल. ते आपोआप माउंट होऊ देऊ नका, काम झालं की बंद करा. आणि त्याचा बॅकअप अशा डिस्कवर घ्या जी यातल्या कुठल्याच ओएसला कायम जोडलेली नसते.

रुजवात

याला अनुमोदन. फक्त ती बॅकअप डिस्कही एन्क्रिप्ट करा. लॅपटॉपला लक्स आणि शेजारच्या खणात त्याचीच उघडी प्रत, हे फार ठिकाणी असतं.