पॅकेज ३.६ लाख, हातात २२ हजार

'आयटीत फ्रेशरला आजही वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपासच मिळतात, दहा-बारा वर्षांपूर्वी मिळायचे तेवढेच' असं म्हणतात, ते पटतं. पण तो आकडाही फुगवलेला असतो, हे कुणी लिहिलेलं दिसलं नाही. यंदा भाच्याचं ऑफर लेटर घेऊन हिशोबाला बसलो. पॅकेज ३.६ लाख, म्हणजे महिना ३० हजार. त्यातले ३ हजार 'व्हेरिएबल', म्हणजे कामगिरीवर ठरणारे, ते मिळतील तेव्हा खरे. कंपनीचा पीएफचा वाटा १,८०० पॅकेजमध्येच धरलेला, वर त्याच्या स्वतःच्या वाट्याचे १,८०० कापणार ते वेगळेच. विम्याचे पाचशे, व्यवसाय कराचे दोनशे (फेब्रुवारीत तीनशे!). ग्रॅच्युइटीचे सातशेही वजा (ते पुढे सांगतो). हातात पडणार जेमतेम २२ हजार. पुण्यात हिंजवडीत कॉट बेसिसचं (खोलीतल्या एका खाटेचं) भाडं आणि मेस त्यातूनच.

पीएफ निदान आपलाच असतो हो. खरी गंमत ग्रॅच्युइटीची, म्हणजे नोकरी सोडताना कंपनी देते त्या रकमेची. १५ हजार बेसिकवर (मूळ पगारावर) ४.८१ टक्के, म्हणजे महिना ७२१ रुपये पॅकेजमध्ये दाखवलेत. पण कायम नोकरीत ती हातात पडते सलग पाच वर्षं काढल्यावर. आणि ही पोरं दोन वर्षांत कंपनी बदलणार! भाच्याला म्हटलं, मित्रांना पॅकेज सांग, घरमालकाला मात्र इन-हँड सांग.